एका वाटेचे चार आकडे: पन्हाळा ते पावनखिंडीचा जीपीएस ट्रॅक कसा वाचायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुलैत तुम्ही चौघे पन्हाळ्यावरून निघालात आणि दोन दिवसांत पावनखिंडीत पोचलात. हातातल्या जीपीएसमधला ट्रॅक 52.4 किमी दाखवतो, त्याच यंत्राचा ट्रिपचा पडदा 72 दाखवतो, मित्राचं घड्याळ 48.9 आणि दुसऱ्या मित्राचा मोबाईल 57.6. चढाईचं तर विचारायलाच नको: घड्याळ म्हणतं 1,310 मीटर, जीपीएस 1,985 आणि मोबाईल 3,420. यातला खरा आकडा कुठला, आणि यंत्र बिघडलंय का?

यंत्राला काही झालेलं नाही. तुम्ही नुसते आकडे न पाठवता फाईल पाठवलीत हे चांगलं केलंत, कारण जे आहे ते फाईलमध्ये आहे. पडद्यावरचा आकडा हा यंत्राने काढलेला निष्कर्ष असतो. मोजलेले असतात ते बिंदू. मी मोजणीच्या धंद्यातला माणूस. पंचवीस वर्षं लोकांच्या बांधावर उभा राहून भांडणं ऐकतोय, आणि जवळपास तितकेच पावसाळे ही वाट तुडवतोय. दोन्हीकडं एकच गोष्ट शिकलो: बेरीज करून देणाऱ्याला आधी विचारायचं, कशाची केलीस?

सगळ्यात सोपं कोडं आधी सोडवू. 72 वजा 52.4 म्हणजे 19.6. कोल्हापूर ते पन्हाळा अंतर किती? साधारण वीस किमी. ट्रिपच्या पडद्यावर कमाल वेग ताशी 61 दिसतोय तो बघा. पायी एवढं कोण पळतंय? तुम्ही शिवाजी पुलाच्या अलीकडेच यंत्र चालू केलंत, वडापच्या जीपमध्ये ते खिशात चालूच राहिलं आणि ट्रॅकची नोंद मात्र गडावर पोचल्यावर सुरू केलीत. ट्रिपचं मीटर आणि ट्रॅक ही दोन वेगळी खाती आहेत. मीटर स्वतः शून्यावर येत नाही, आणावं लागतं. हे दरवर्षी कुणाचं ना कुणाचं होतंच, माझंही झालंय.

आता फाईल. जीपीएक्स फाईल, म्हणजे ट्रॅक साठवलेली फाईल, साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये उघडली की दिसतात नुसत्या ओळी: अक्षांश, रेखांश, उंची, वेळ. तुमच्या फाईलचा पहिला बिंदू 00:45 चा आहे आणि तुम्ही विचारलंत की मध्यरात्री आम्ही कुठं निघालो होतो? वेळेच्या शेवटी 'झेड' आहे, म्हणजे ती जागतिक प्रमाणवेळ. त्यात साडेपाच तास मिळवा: सकाळचे सव्वासहा. राजदिंडीकडं, म्हणजे गडावरून खाली जायच्या वाटेकडं, उतरायला हीच वेळ योग्य.

अक्षांशाच्या आकड्यांचा अंदाज बोटावर असू द्या. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण 111 किमी. आपल्याकडं, पावणेसतरा अंशांच्या आसपास, रेखांशाचा एक अंश 106 ते 107 किमी भरतो. म्हणजे दशांशचिन्हानंतरचा पाचवा आकडा एकाने बदलला तर जेमतेम एक मीटर. हे एवढं कळलं की ओळी वाचता येतात.

07:12 ते 08:02 हा तुकडा बघा. आपल्या वेळेने 12:42 ते 1:32, खोतवाडीच्या पुढं. अक्षांश तीनने वर, रेखांश चारने मागे. पुढच्या ओळीत अक्षांश दोनने खाली, रेखांश पाचने पुढं. मग परत मागे. सगळी वळवळ शेवटच्या आकड्यांत, आणि सरासरी बारा सेकंदांना एक बिंदू. नकाशावर हा भाग विस्कटलेल्या लोकरीच्या गुंड्यासारखा दिसतो. तुम्ही तिथं भाकरी सोडून बसला होता, बरोबर? यंत्राच्या लेखी त्या पन्नास मिनिटांत तुम्ही 410 मीटर चाललात. उपग्रह वीस हजार किमीवरून फिरतायत, सिग्नल अगदी क्षीण, वर ढग नाही तर झाडं. उघड्यावर तीन ते पाच मीटरची चूक चांगल्या यंत्रातही राहतेच. चालताना ती चूक पुढं जाण्यात मिसळून जाते. बसल्या जागी मात्र ती चूकच अंतर म्हणून जमा होते. दोन दिवसांतल्या सगळ्या थांब्यांची अशी वळवळ मी काढली तर सुमारे एक किमी निघाली.

मोबाईलचे 57.6 इथूनच येतात. तो पँटच्या खिशात होता, म्हणजे निम्मं आभाळ अंगाने झाकलेलं, आणि ॲप दर सेकंदाला बिंदू टिपत होतं. दर सेकंदाला तुम्ही पाऊण मीटर पुढं जाता आणि चूक मात्र त्याहून मोठी. मग सरळ वाटही नागमोडी होते.

घड्याळाचं उलटं. बॅटरी दोन दिवस पुरावी म्हणून मित्राने बचतीचा मोड लावला होता. त्यात बिंदू लांब लांब पडतात आणि मधली वळणं कापली जातात. मांडलाईवाडीच्या पुढं वाट ओढ्यात उतरते, पुन्हा वर येते, झाडीतून वळसे घेते. घड्याळाने तिथं सरळ रेघ मारलीय. मोजणीत जुनी माणसं साखळी ओढायची तेव्हाचा अनुभव असाच: साखळी जितकी आखूड, तितकी वाट लांब. वाकड्या ओढ्याचा काठ 66 फुटी साखळीने मोजा आणि मग 33 फुटी घेऊन परत मोजा, दुसऱ्यांदा जास्तच भरणार. तेव्हा 'वाटेची खरी लांबी' मागायची तर आधी साखळी कुठली ते सांगावं लागतं. पन्हाळा ते पावनखिंड कुणी बावन्न सांगतं, कुणी साठ. त्यात सगळेच काही थापा मारत नसतात.

चढ-उतारामुळं अंतर वाढतं ना, असंही तुम्ही विचारलंय. फार नाही. शंभर मीटर जाताना दहा मीटर चढलात तर उतारावरचं अंतर 100.5 मीटर. सोडून द्या.

तुमच्या ट्रॅकमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. पावनखिंडीत लोखंडी शिडीने खाली उतरल्यावर ट्रॅक एकदम 140 मीटर बाजूच्या डोंगरात घुसतो आणि परत येतो. अरुंद घळीत आभाळाची पट्टीच दिसते आणि सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतो. यंत्राला वाटतं उपग्रह लांब गेला, म्हणून ते तुम्हालाच हलवतं. असे बिंदू शोधायची सोपी युक्ती म्हणजे दोन बिंदूंमधला वेग काढणारी कुठलीही प्रणाली वापरायची आणि वेगाच्या उतरत्या क्रमाने लावायचं. तुमच्या फाईलमध्ये ताशी 38 च्या वेगाने चाललेले सहा बिंदू सापडले. बिनधास्त खोडा. त्यांचे तीनशे मीटर कमी झाले.

दुसरी गोष्ट जास्त मजेची. दुसऱ्या दिवशी म्हसवड्याच्या अलीकडं, धनगरवाड्याजवळ, तुम्ही वाट चुकलात. सहाशे मीटर भलतीकडं गेलात, अकरा मिनिटं थांबलात (भांडण की बिस्किटं?), आणि आल्या पावली परत आलात. हे 1.2 किमी चूक नव्हे. तुमच्या पायांनी ते मोजलंय. पण ते वाटेचं अंतर नाही. म्हणून दोन आकडे वेगळे ठेवा. वळवळ आणि उड्या काढून तुम्ही चाललात 51.1 किमी, वाट भरते 49.9. दोन्ही अधिक-उणे एक किमी. घड्याळाचे 48.9 वाटेच्या आकड्याजवळ आले म्हणून ते बरोबर ठरत नाही. त्यानेही चुकलेली वाट धरली आणि वळणं कापली, दोन चुकांनी एकमेकींना झाकलं एवढंच.

हा फरक मी जरा खेचून सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी कुणाकडून तरी आलेला ट्रॅक यंत्रात घालून मी ऐन धुक्यात निघालो होतो. एका जागी रेघ अगदी सरळ होती, मोजपट्टीने मारल्यासारखी. मी तिच्यामागं गेलो. करवंदीच्या जाळ्या संपल्या, पुढं गवत, आणि गवताच्या पुढं काहीच नाही. खालून वारा वर येत होता. कडा होता. मूळ माणसाचं यंत्र तिथं मधेच बंद पडलं होतं आणि वळसा घालून पलीकडं पोचल्यावर पुन्हा चालू झालं होतं. सॉफ्टवेअरने दोन टोकं जोडून टाकली. तेव्हापासून कुणाचाही ट्रॅक घेतला की आधी सरळ रेघा शोधतो. निसर्गात शंभर मीटर सरळ पाऊलवाट सहसा नसते. तुम्हीही ट्रॅक पुढं पाठवणार असाल तर चुकलेला फाटा कापून पाठवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात वीस माणसं त्या धनगरवाड्यातून, नाहीतर कुणाच्या तरी भाताच्या खाचरातून, तुमच्या नावाने जातील.

आता उंची. इथं खरा गोंधळ आहे आणि तो मोजणाऱ्यांनाही चकवतो.

उपग्रहावरून काढलेली उंची ही आडव्या जागेपेक्षा नेहमीच कच्ची. कारण उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखालून सिग्नल येत नाही. आडवी चूक चार मीटर असेल तर उभी सात-आठ सहज. तुमच्या मित्राच्या मोबाईलमध्ये दाबमापक नाही, त्यामुळं त्याची उंची सगळी उपग्रहाची. मसाई पठार आठवा, जवळजवळ टेबल. त्याच्या मोबाईलने त्या टेबलावर चारशे मीटर चढाई दाखवलीय: चार वर, पाच खाली, तीन वर, असं पुन्हा पुन्हा. चढाई म्हणजे फक्त 'वर' ची बेरीज, खालचं वजा होत नाही. म्हणून 3,420.

त्याचा मोबाईल सगळीकडं साठ-सत्तर मीटर खाली दाखवतो हे तुम्ही टिपलंत ते बरोबर आहे. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या एका गणिती लंबगोलापासून. आपल्या भागात खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या इतकी खाली आहे. चांगलं यंत्र ही दुरुस्ती आपोआप करतं, काही ॲप करत नाहीत. तोच मोबाईल घेऊन मालवणच्या वाळूवर उभे राहा, उणे साठच्या पुढं दाखवेल. सगळीकडं सारखाच फरक असल्यामुळं चढाईच्या बेरजेवर त्याचा परिणाम नाही.

तुमच्या हातातल्या यंत्रात दाबमापक आहे, म्हणजे ते हवेच्या दाबावरून उंची काढतं. आपल्या उंचीवर साधारण नऊ मीटर चढलं की दाब एक मिलिबारने उतरतो. बारीक चढ-उतार हे यंत्र फार छान पकडतं. पण त्याला एक खोड आहे. दाब फक्त चढण्याने बदलत नाही. आपल्या उष्ण पट्ट्यात दाब रोज भरती-ओहोटीसारखा हलतो: सकाळी दहाच्या आसपास जास्त, दुपारी चारला कमी, रात्री दहाला परत जास्त. फरक तीन-चार मिलिबारचा.

तुमच्याच फाईलमध्ये बघा. आंबेवाडीत मुक्कामाला पोचल्यावर यंत्र बंद करायचं राहिलं. रात्री आठपासून ते एकाच जागी आहे, बहुधा सोप्यात खुंटीला अडकवलेलं. आठ ते साडेदहा उंची हळूहळू पंधरा मीटरनी खाली गेली. मग तीनपर्यंत थोडी वर आली. घर काही खचलं नाही आणि उचललंही गेलं नाही. बाहेर दाब वाढला आणि कमी झाला. आता हाच बदल दिवसा लावा: सकाळी दहा ते दुपारी चार तुम्ही माळावर झोपून राहिलात तरी यंत्र तुम्हाला पंचवीस-तीस मीटर चढवणार. वर पावसाचा कमी दाबाचा पट्टा आला तर आणखी. म्हणून निघताना उंची जुळवायची आणि वाटेत माहीत असलेल्या ठिकाणी पुन्हा जुळवायची. यंत्रातली आपोआप जुळवणी चालू ठेवली तर ते उपग्रहाची सरासरी घेऊन सावरत राहतं. नवशिक्याने ती चालूच ठेवावी.

राहिला प्रश्न 1,985 चा. चढाईची बेरीज करताना एक उंबरा लागतो: किती मीटरच्या खालची हालचाल सोडून द्यायची? तुमच्या यंत्राचीच फाईल, मुक्कामाची रात्र कापून, मी तीनदा मोजली. उंबरा नसताना 2,240 मीटर, पाचचा उंबरा लावला तर 1,930, दहाचा लावला तर 1,640. माणूस तोच, डोंगर तोच. मी स्वतः दहाचा लावतो, कारण नऊ मीटरचा टेकाड पायांना आठवत नाही. तुम्ही पाचचा लावा, हरकत नाही. पण मग दरवर्षी पाचचाच लावा. माझ्या 1,640 ची तुलना मित्राच्या घड्याळाशी करू नका, त्याचा उंबरा किती ते त्यालाही माहीत नाही.

काही संकेतस्थळं 'उंची दुरुस्त करा' असं बटण देतात. ती तुमची उंची काढून टाकतात आणि त्या जागी नकाशातली घालतात. त्यातले बरेच नकाशे 2000 च्या फेब्रुवारीत अंतराळयानावरून रडारने घेतलेल्या मोजणीवर बेतलेत, तीस मीटरच्या चौकोनात एक उंची. देशावरच्या सपाटीला ठीक. पण सह्याद्रीच्या कड्याखालून वाट जात असेल आणि तुमचा बिंदू दहा मीटर आत सरकला, तर बटण तुम्हाला थेट माथ्यावर नेऊन ठेवतं आणि पुढच्या बिंदूला खाली आपटतं. दाबमापक असेल तर या बटणाला हात लावू नये. मोबाईलच्या फाईलला मात्र लावा, तिचं काही बिघडणार नाही.

इतकं सगळं झाल्यावर सांगतो, मला स्वतःला अंतर आणि चढाईत फारसा रस नाही. ट्रॅकमधला मौल्यवान रकाना वेळेचा आहे. पहिल्या दिवशी तुम्ही सव्वासहाला निघून संध्याकाळी 7:40 ला आंबेवाडीत पोचलात, म्हणजे 13 तास 25 मिनिटं. त्यातले थांबे 2 तास 50 मिनिटं, प्रत्यक्ष चाल 10 तास 35 मिनिटं, अंतर 29 किमी. यंत्र दोन प्रकारचे सरासरी वेग दाखवतं: चालतानाचा ताशी 2.7 आणि एकूण 2.2. पुढचा बेत करताना लोक पहिला धरतात आणि अंधारात सापडतात. नेहमी दुसरा धरा.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक आडाखा दिला होता: दर पाच किमीला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. तुमच्या 29 किमी आणि सुमारे 900 मीटर चढाईला तो 7 तास 18 मिनिटं देतो. तुम्हाला नुसत्या चालीला त्याच्या जवळजवळ दीडपट लागले. मसाई पठारावर तुम्ही ताशी साडेचारने गेलात, तिथं आडाख्याच्या जवळ होता. करपेवाडीच्या अलीकडच्या जंगलात दोनच्याही खाली आलात. चिखल, जळवा, ओढ्यातले दगड. हा दीडपट तुमचा, तुमच्या चौघांचा, जुलैचा आकडा आहे. पुढच्या वर्षी कुठलाही नवा घाट निवडा, आडाखा काढा, दीडने गुणा, थांब्यांचे तीन तास मिळवा. उजेडात पोचायचं असेल तर तुम्हाला साडेपाचलाच निघायला हवं होतं हे असं कळतं.

पुढच्या वेळी करायचं एवढंच: गडावर उघड्या जागी यंत्र चालू करून चहा होईपर्यंत तसंच ठेवा. एका उपग्रहाला स्वतःची जागा सांगायला अर्धं मिनिट पुरतं, पण सगळ्या उपग्रहांची यादी यंत्रात उतरायला साडेबारा मिनिटं लागतात आणि घाईत टिपलेले पहिले बिंदू भलतीकडं पडतात. ट्रिप शून्यावर आणा. यंत्र खिशात नको, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला वर अडकवा. नोंद दर सेकंदाला नको. जुन्या यंत्रांत ट्रॅकची मर्यादा 10,000 बिंदूंची असते, सेकंदाला एक धरला तर पावणेतीन तासांत भरते, आणि काही यंत्रं मग सुरुवातीचे बिंदू पुसून पुढं लिहितात. पाच ते दहा सेकंद किंवा 'आपोआप, जास्त वेळा' पुरे. मुक्कामात नोंद थांबवा.

आणि हो, या ट्रॅकवरून गावाकडची जमीन मोजू नका. हे लिहावं लागतंय, कारण मागच्याच महिन्यात एकजण असा ट्रॅक घेऊन माझ्याकडं आला होता. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, बाजू दहा मीटर. त्यावर चार मीटरची चूक घेऊन भावकीत उभं राहायचं म्हणजे डोकं फुटायची तयारी. त्याला सेंटिमीटरपर्यंत अचूक रोव्हर, म्हणजे मोजणीचं जीपीएस यंत्र, लागतं.

एक शंका उरलीय. दुसऱ्या दिवशी 11:05 ते 11:26 ट्रॅकमध्ये एकही बिंदू नाही, पांढरपाण्याच्या बाजूला साडेसातशे मीटरची सरळ रेघ आहे. सेल बदलायला उघडलंत, की तिथं झाडी दाट होती? सेल बदलले असतील तर त्या जागी दोन्ही टोकं तोडा, रेघ ठेवू नका, आणि मोबाईलच्या फाईलमधला तेवढा तुकडा मला पाठवा. तो जोडून बघतो. वाटेचा आकडा बहुतेक शे-दोनशे मीटरने वाढेल.